नागोयाचं डिझेल

गाडी पहिल्या फटक्यात सुरू झाली होती. हे आधी सांगून टाकते, कारण नंतर पुण्यापासून नाशिकपर्यंतच्या सगळ्या नातेवाइकांत "त्या दिवशी गाडी सुरूच झाली नाही" असं पसरलं. तसं नव्हतं. सकाळी सव्वासहाला माझ्या नवऱ्याने, प्रतापने, बटण दाबलं, इंजिन लागलं, मी आईंची बॅग मागे ठेवली आणि हुश्श केलं. मिनिटभराने इंजिन दोनदा खोकलं आणि बंद पडलं. त्यानंतर स्टार्टर नुसता फिरत राहिला. इंजिन काही घेईना.

बाहेर उणे सोळा होतं. इनावाशिरो हे उत्तर जपानमधलं तळ्याकाठचं गाव, आणि आम्ही रात्रीपुरते तिथल्या एका छोट्या मुक्कामाच्या घरात उतरलो होतो. अकरा वाजता आम्हाला सेंदाईला पोचायचं होतं. अकराला सुप्रभाताईंना भट्टीत ठेवणार होते, आणि त्याआधी आईंना आपल्या लेकीचं तोंड एकदा बघायचं होतं.

सुप्रभाताई म्हणजे प्रतापची मोठी बहीण. बावीस वर्षं सेंदाईच्या विद्यापीठात होत्या. समुद्राच्या तळाचा चिखल तपासायच्या, आणि "लग्न न केल्यामुळे मला घरातला चिखल निस्तरावा लागत नाही, म्हणून समुद्रातला निस्तरते," असं स्वतःच म्हणायच्या. पंचावन्न वय. मंगळवारी संध्याकाळी लॅबमध्ये हात धुताना कोसळल्या. मेंदूत रक्तस्राव. हॉस्पिटलात पोचेपर्यंत सगळं संपलं होतं. त्यांच्याच हाताखाली पोस्टडॉक करणाऱ्या मितालीने फोन केला, आणि प्रताप मोबाइल कानाला लावून स्वयंपाकघरात किती तरी वेळ नुसता "हो, हो" करत उभा राहिला.

आई तेव्हा आमच्याकडे नागोयाला होत्या. दोन्ही मुलांकडे राहायला म्हणून ऑक्टोबरमध्ये पुण्याहून आल्या, डिसेंबरात आमच्या बाथरूममध्ये पडल्या, खुबा मोडला, ऑपरेशन झालं. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईला डॉक्टरांनी एका वेळी अर्धा तास बसायची परवानगी दिली होती, त्यामुळे ट्रेनचा प्रश्नच नव्हता. आमची गाडी मोठी, मागची सीट आडवी होते. तिच्यावर गादी घातली आणि आईंना झोपवून न्यायचं ठरलं. इथे स्मशानातही वेळ मिळते ती दातांच्या डॉक्टरकडे मिळते तशी. शुक्रवार, अकरा. चुकली तर पुढची रिकामी वेळ थेट बुधवारची.

आता डिझेलचं सांगते. थंडीत खोबरेल तेल बाटलीत थिजतं ना, डिझेलचंही तसंच होतं. त्यात मेण असतं, ते गोठतं आणि फिल्टर तुंबतो. म्हणून इथे हवेप्रमाणे वेगवेगळं डिझेल विकतात. नागोयाची थंडी सौम्य, तिथलं डिझेल सौम्य. उत्तरेकडे कडाक्याच्या थंडीचं. नियम साधा आहे: बर्फाच्या मुलुखात जाताना टाकी रिकामी न्यायची आणि तिथलं भरायचं. हे मला कसं माहीत? कारण माझा नवरा बारा वर्षं नागोयाच्या एका कारखान्यात डिझेल इंजिनचे पंप तपासतोय. हे लेक्चर मी निदान चार दिवाळी पार्ट्यांत ऐकलंय, आणि दर वेळी "अरे, लोकांना जेवू दे" म्हटलंय.

तरीही बुधवारी रात्री त्याने टाकी काठोकाठ भरून आणली. सवय. लांब निघायचं म्हणजे टाकी भरून निघायचं, हे त्याच्या वडिलांच्या स्कूटरपासून चालत आलेलं. पण गुरुवारी दुपारी नागानोजवळच्या थांब्यावर त्याच्या लक्षात आलं आणि त्याने गाडी पंपाकडे वळवली. पुढे सहा गाड्यांची रांग होती.

"का रे थांबलास?" मागून आईंनी विचारलं.

"डिझेल घेतो, आई. इथलं थंडीचं असतं."

"संपलंय?"

"नाही, अर्ध्याच्या वर आहे."

"मग?" आईंचा आवाज चढला. "माझी पोर तिथे एकटी पडलीये आणि तू भरलेली टाकी भरत बसणार? चल आधी."

प्रतापने आरशातून त्यांच्याकडे पाहिलं आणि गाडी रांगेतून बाहेर काढली. "पुढे भरू," मला म्हणाला. मी शेजारीच बसले होते. खोटं कशाला बोलू, मलाही वाटलं, चल बाबा, लवकर पोचू. पुढे निइगाताकडे बर्फ सुरू झाला. ताशी चाळीसनं सरकत होतो, आई कळांनी कण्हत होत्या, अंधार पडला, आणि इनावाशिरोला पोलिसांनी महामार्गच बंद करून सगळ्यांना खाली उतरवलं. गावातला पंप सातलाच बंद झाला होता. खरं म्हणजे तेव्हा डिझेल कुणाच्या डोक्यातही नव्हतं.

तर सकाळी सव्वासहा. प्रतापने बॉनेट उघडलं आणि बॅटरी तपासायला घेतली. मीटर लावला, बॅटरी चांगली होती. वायरी घट्ट केल्या, त्याही घट्टच होत्या. मग त्या घराची मालकीण सातोसान, सत्तरी ओलांडलेली बाई, हिच्या छोट्या ट्रकवरून जोडवायर घेऊन इकडचा करंट तिकडे देऊन पाहिला. स्टार्टर आणखी जोरात फिरला, बाकी काही नाही. बारा वर्षं डिझेलमध्ये घालवलेला माणूस बॅटरीशी पाऊण तास खेळत होता. आवाजावरूनच त्याला सगळं कळलं होतं. पण बॅटरीच निघावी म्हणून तो देव पाण्यात घालून बसला होता, आणि मला त्याचा इतका राग आला होता आणि इतकी दयाही, की मी नुसती हातात टॉर्च धरून उभी राहिले.

सातोसान गमबुटात उभी राहून ऐकत होती. ती म्हणाली, "बॅटरी बिघडलेली नाही." मग तिने विचारलं, "डिझेल कुठे भरलंत?"

"नागोयाला," प्रताप म्हणाला.

तिने दातांतून श्वास आत ओढला. इथली माणसं 'कठीण आहे' असं तोंडाने म्हणत नाहीत, तो श्वास तेवढा घेतात.

आई काचेच्या दाराआड रॉकेलच्या स्टोव्हजवळ खुर्चीत होत्या. त्यांना जपानी कळत नाही. दार किलकिलं करून त्यांनी विचारलं, "काय म्हणते ती?"

प्रताप वळला. "बॅटरी गेलीये म्हणते, आई."

मग तो बॉनेटमागे आला आणि त्याने माझं मनगट धरलं. त्याची बोटं बर्फासारखी झाली होती. "चित्रा, टाकीचं आईला कळता कामा नये. कधीच."

"अरे, पण त्यांनी मुद्दाम का—"

"तिने चल म्हटलं म्हणून आपण थांबलो नाही, हे तिला कळलं तर? शी विल नॉट सर्व्हाइव्ह इट. प्रॉमिस कर."

माझ्या तोंडात तीळ भिजत नाही, अशी माझी ख्याती आहे आणि ती खोटी नाही. पण मी प्रॉमिस केलं.

त्यानंतर मात्र तो कामाला लागला. रोड सर्व्हिसवाल्यांनी तीन तास सांगितले, त्यांना सगळीकडून फोन येत होते. सकाळच्या ट्रेन बर्फामुळे बंद. गावात दोन टॅक्स्या, त्याही दहाच्या आधी नाहीत. आई आतून ओरडत होत्या, "मला बसवून न्या, मोडलं हाड तर मोडू दे," पण नेणार कशात? सातोसानने केस वाळवायचं यंत्र आणि लांब वायर आणून दिली, मी किटल्यांमागून किटल्या गरम पाणी आणत होते, प्रताप गाडीखाली बर्फावर आडवा पडून फिल्टर शेकत होता. त्याने फिल्टरमधलं डिझेल बाटलीत काढलं. ते पांढुरकं, गढूळ होतं. इंजिन पुन्हा लागलं, पुन्हा बंद पडलं. टाकीपासून नळीपर्यंत सगळंच थिजलं होतं.

शेवटी सातोसान शेजारच्या शेतकऱ्याला उठवून घेऊन आली. त्याने ट्रॅक्टरने आमची गाडी ओढत आपल्या शेडमध्ये नेली, पत्र्याचं दार लावलं आणि मोठा हीटर सोडला. कॅनमधून तिथलं वीस लिटर डिझेल टाकीत ओतलं. त्या दोघांनी एकही प्रश्न विचारला नाही. आम्ही कुठे निघालोय हे मी सांगितल्यावर शेतकऱ्याने टोपी काढली आणि पुन्हा घातली.

वाट बघण्याखेरीज काही उरलं नव्हतं. आठ वाजले, साडेआठ वाजले. मितालीचा फोन आला, तिने हातापाया पडून अकराची वेळ अकरा चाळीस करून घेतली होती. प्रताप दर दहा मिनिटांनी टाकीला हात लावून बघायचा. एकदा मला म्हणाला, "माझ्या लॅबमध्ये उणे तीसची खोली आहे. तिथे ड्रमवर लिहिलेलं असतं, कुठलं डिझेल ते. कधी चूक होत नाही." मी म्हटलं, "तिथे आई नसते ना मागच्या सीटवर." तो हसला नाही. मलाही ते बोलायचं नव्हतं.

नऊ चाळीसला इंजिन लागलं आणि लागलेलंच राहिलं. आईंना झोपवून आम्ही निघालो. सातोसान रस्त्यात उभी राहून वाकली होती, आम्ही वळेपर्यंत.

महामार्ग उघडला होता, पण ताशी पन्नासची मर्यादा. पुढे बर्फ काढणारी मशीन, तिच्यामागे आमची रांग. आई छताकडे बघत पडल्या होत्या आणि मधूनमधून विचारत होत्या, "किती राहिलं?" प्रताप दर वेळी खऱ्यापेक्षा थोडं कमी सांगायचा. फुकुशिमा आलं तेव्हाच अकरा पस्तीस झाले होते. सेंदाई अजून ऐंशी किलोमीटर.

मितालीचा फोन आला. मी स्पीकरवर टाकला. पोरगी रडत होती. "दादा, ते खूप सॉरी म्हणतायत. पुढच्या फॅमिलीची वेळ झालीये. आत्ता नाही तर मग बुधवार. काय सांगू त्यांना?"

मी म्हटलं, "आई, बुधवारपर्यंत थांबवता येईल त्यांना. बर्फाच्या पेटीत ठेवतात नीट. काही होत नाही."

आईंनी पांघरूण छातीपर्यंत ओढून घेतलं. मग म्हणाल्या, "तीन दिवस झाले. किती ताटकळत ठेवायचं तिला? लहानपणापासून तिला वाट बघायला आवडत नाही." आणि मग अगदी हळू, "जाऊ दे तिला."

मिताली म्हणाली, "आजी, मी व्हिडिओवर दाखवू का? एक मिनिट आहे."

"नको गं," आई म्हणाल्या. "फोनमध्ये तिला रोजच बघत होते. मला तिच्या तोंडावरून हात फिरवायचा होता."

अकरा बेचाळीसला मितालीचा मेसेज आला, एकच शब्द, "गेल्या." मी तो वाचून दाखवला नाही. प्रतापने माझ्याकडे पाहिलं आणि त्याला कळलं. गाडी पन्नासनंच चालत राहिली. इतकं रडू येऊनही मी रडले नाही, कारण मागून आवाज ऐकू गेला असता.

आम्ही एक वाजून दहा मिनिटांनी पोचलो. ती जागा एखाद्या नव्या कोऱ्या हॉस्पिटलसारखी होती, स्वच्छ आणि निःशब्द. आईंनी आयुष्यात स्मशानात पाऊल टाकलं नव्हतं, त्यांच्या काळी बायका जात नसत. बाबांच्या वेळी त्या दारातूनच मागे फिरल्या होत्या. इथे मात्र त्यांची चाकाची खुर्ची सरळ त्या खोलीत नेली. मधोमध लांब स्टीलचा ट्रे, त्यावर सुप्रभाताई. पांढऱ्या हातमोज्यातला माणूस वाकून सांगत होता, हे पायाचं, हे मणक्याचं. इथल्या रीतीप्रमाणे दोघं दोघं मिळून लांब चॉपस्टिक्सनी एकेक अस्थी उचलतात आणि कलशात ठेवतात.

त्याने आईंपुढे चॉपस्टिक्स धरल्या. आईंनी मान हलवली. "माझ्या पोरीला मी काड्यांनी नाही उचलणार." मी भाषांतर केलं. तो माणूस घोटाळला, आत जाऊन विचारून आला आणि वाकून म्हणाला, सावकाश, अजून कोमट आहे. आईंनी हाताने एक लहानसा तुकडा उचलला, तळव्यावर ठेवला आणि त्यावरून अंगठा फिरवला. एकदा, दोनदा. खोलीत ताईंचे चार-पाच सहकारी होते, सगळे जमिनीकडे बघत होते. मग आईंनी तो तुकडा कलशात ठेवला.

प्रताप पुढे झाला. बहिणीच्या अस्थींना हात लावायला वाकला.

"तू नको," आई म्हणाल्या.

तो तसाच वाकलेला राहिला.

"तू हात लावू नकोस तिला. बारा वर्षं गाड्यांची नोकरी करतोस ना? इंजिनियर ना तू? एक बॅटरी नाही बघता आली तुला? रात्री बघायची, निघायच्या आधी बघायची. तुझ्यामुळे..." त्यांचा आवाज फुटला. "तुझ्यामुळे माझी पोर मला न भेटता गेली. मागे हो."

प्रताप मागे झाला. दोन्ही हात बाजूला सोडून, शाळेत शिक्षा झालेल्या मुलासारखा उभा राहिला. मी त्याचा चेहरा बघत होते. सव्वीस वर्षांच्या संसारात मी त्याच्यावर हजारदा चिडले असेन, पण असा चेहरा कधी पाहिला नव्हता. त्याच्या ताईने त्याला सायकल शिकवली होती, फॉर्मला पैसे नव्हते तेव्हा स्वतःची शिष्यवृत्ती दिली होती. आणि तिचं शेवटचं कामही आई त्याला करू देत नव्हत्या.

खरं माझ्या जिभेवर आलं होतं. तुम्हीच म्हणालात चल म्हणून. तो थांबला होता, तुम्ही त्याला रांगेतून बाहेर काढलंत. एवढी दोन वाक्यं. मी तोंड उघडलं. आणि आईंचा हात दिसला, राखेने पांढरा झालेला, मांडीवर उताणा पडलेला.

"आई," मी म्हणाले, "चूक त्याची नाहीये. माझी आहे."

त्यांनी मान वळवली.

"रात्री तुमच्या औषधांची पिशवी काढायला मी गाडीत गेले होते. आतला दिवा माझ्याकडून चालू राहिला. रात्रभर. त्यानेच बॅटरी उतरली. प्रताप मला वाचवायला गप्प बसलाय."

"चित्रा," प्रताप म्हणाला.

"तू गप्प बस," मी त्याला म्हटलं, आणि ते अगदी मनापासून म्हटलं.

आई माझ्याकडे बघत राहिल्या. माझी आई मी नववीत असताना गेली. लग्न होऊन आले तेव्हा ह्या सासूबाईंनीच मला शिकवलं सगळं, मुगाच्या लाडवांपासून ते नवऱ्याला कुठे ताणायचं नि कुठे सैल सोडायचं इथपर्यंत. ह्या बाईने मला कधी टाकून बोललेलं मला आठवत नाही. त्या दिवशीही बोलल्या नाहीत. फक्त माझ्यावरून नजर काढून घेतली आणि म्हणाल्या, "प्रताप, ये रे बाळा. ताईला उचल."

तो आला. दोघांनी मिळून ताईंच्या अस्थी वेचल्या, आईंनी हाताने आणि त्यानेही हाताने. मी भिंतीशी मितालीजवळ जाऊन उभी राहिले. मला कुणी बोलावलं नाही, आणि मी पुढे गेले नाही.

बाहेर कॉरिडॉरमध्ये प्रतापने मला गाठलं. त्याच्या डोळ्यांतून पाणी थांबत नव्हतं. "मी आत्ता जाऊन सगळं खरं सांगतो."

"सांग ना," मी म्हटलं. "आणि मग उरलेली वर्षं त्या काय करत बसतील ते बघ. एक्क्याऐंशी वर्षांच्या आहेत त्या. मला राग सोसेल, त्यांना स्वतःचा सोसणार नाही." बोलताना मला स्वतःचा अभिमानही वाटला, हे कबूल करते. किती दिवस चालेल हा राग, असं मला वाटलं होतं. महिना, दोन महिने.

एप्रिलमध्ये आई पुण्याला गेल्या. विमानतळावर मी नेहमीसारखी पाया पडले, त्यांनी पाय मागे घेतले नाहीत, पण डोक्यावर हातही आला नाही. नंतर कळलं, त्यांनी सगळ्यांना सांगितलंय. प्रतापच्या चुलत बहिणीने, शैलजावन्संनी, मला फोन करून विचारलं, "अगं, एक दिवा बंद करायला काय होतं?" मी म्हटलं, "चुकलंच माझं."

पूर्वी रविवारी आईंचा फोन यायचा तो माझ्या मोबाइलवर. तासभर आम्ही दोघी बोलायचो, भाजी, गुडघे, सोसायटीतली भांडणं, आणि शेवटी त्या म्हणायच्या, बरं, त्या दगडालाही दे जरा. आता फोन प्रतापच्या मोबाइलवर येतो. परवा तो अंघोळीला गेला होता म्हणून मी उचलला. "आई, मी चित्रा," म्हटलं. पलीकडे श्वास ऐकू येत होता. मी म्हटलं, "कशा आहात? गुडघा बरा आहे का?" मला इतकं वाटत होतं की त्यांनी निदान शिवी तरी द्यावी.

"तो आला की करायला सांग," आई म्हणाल्या आणि त्यांनी फोन ठेवला.